गुडघ्याच्या वर चार बोटं

९ सप्टेंबर, मंगळवार

हीसुद्धा नको म्हणे!

मी दुकानातून येऊन अजून चपलाही काढल्या नव्हत्या. ह्यांनी हाफपँट उलटीसुलटी करून बघितली आणि खुर्चीच्या पाठीवर टाकली. "खिसा बाहेरून शिवलाय. क्लबात चालणार नाही."

"कोण बघतंय तुमचा खिसा?"

"नियम आहे."

नियम केला कुणी? ह्यांनीच! क्लबाच्या पोशाख समितीवर होते तेव्हा रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसायचे. हाफपँट एकरंगी हवी. कमरेला पट्ट्यासाठी लूप हवेत. नाडी नको, इलॅस्टिक नको, बाहेरून लावलेला खिसा नको. लांबी गुडघ्याच्या वर चार बोटं – त्याहून आखूड नको, आणि गुडघा झाकणारीही नको. मी तेव्हा हसून विचारलं होतं, चार बोटं कुणाची? हे अगदी गंभीरपणे म्हणाले होते, "सर्वसाधारण माणसाची."

उद्या ही परत करायची. कपड्यांच्या दुकानातला तो मुलगा आता मला बघितलं की आत जातो.

१० सप्टेंबर

एकदा नीट लिहून काढते, म्हणजे डोकं जरा हलकं होईल.

एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं. प्रोस्टेटचं. गाठ साधी निघाली, कॅन्सर-बिन्सर काही नाही. सगळे सुटलो म्हणेपर्यंत मूत्राशयच संपावर गेलं. सुस्तावलंय म्हणतात डॉक्टर. जागं होईल, पण कधी ते सांगता येत नाही. तोवर नळी, आणि नळीच्या टोकाला पिशवी. ती मांडीला दोन पट्ट्यांनी बांधायची, भरली की खालचा नळ उघडून रिकामी करायची. मला आता त्याचं काही वाटत नाही. चहा गाळावा तितक्या सहज करते. ह्यांना मात्र अजून आरशासमोर उभं राहवत नाही.

तेव्हापासून हॉस्पिटल सोडलं तर घराबाहेर पाऊल नाही. फिरायला नाही, कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयात नाही – केस मी कापते, आणि तेही वाईट कापते. मी सकाळी चष्म्याच्या दुकानात कामाला जाते तेव्हा हे खिडकीत, परत येते तेव्हा खिडकीत. "आलीस?" "आले." मग संध्याकाळभर मी ज्या खोलीत जाईन त्या खोलीत मागोमाग. प्रेम आहे, मान्य. पण मला बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून नुसतं बसावं लागतं, एकटं राहायला.

तर परवा डॉक्टरांना ह्यांनी स्वतःहून विचारलं, "गोल्फ?" मी कान टवकारले. डॉक्टर म्हणाले, "खेळा की! घोड्यावर तेवढे बसू नका."

सत्तावीस तारखेला क्लबाच्या कपची स्पर्धा आहे. ह्यांनी घरी येताना गाडीत म्हटलं, "बरी शॉर्ट्स मिळाली तर जाईन."

बरी! हा शब्द मी इतका हलका समजले!

११ सप्टेंबर

लेकीचा फोन. तिला वाटतं सगळं सोपं असतं. "आई, फुल पँट घाला म्हणावं ना बाबांना."

अगं बाई, तेच तर होत नाहीये. ह्यांची शनिवारची चौकडी – हे, बँकवाले, वकील आणि मास्तर. बँकवाल्यांनी बँक सोडून, मास्तरांनी शाळा सोडून जमाना झाला, पण नावं तीच. ह्या चौघांचा एक पण आहे. ऊन असो, पाऊस असो, दातावर दात वाजोत, शनिवारी हाफपँटच. जो पहिला फुल पँटमध्ये येईल तो वर्षभर 'म्हातारा'. त्याने सगळ्यांच्या मागून चालायचं, होलमधला झेंडा त्यानेच काढायचा आणि धरून उभं राहायचं. एका वर्षी मास्तर तापातून उठून फुल पँट घालून गेले, तर वर्षभर त्यांना कुणी नावाने हाक मारली नाही. सगळ्यांत जास्त चिडवलं कुणी? आमच्याच ह्यांनी.

म्हणून फुल पँट नाही. आणि त्या तिघांना खरं सांगायचंही नाही. "कुणाला ताकास तूर लागू द्यायची नाही," असं मला बजावून ठेवलंय. बँकवाल्या वहिनी फोन करतात, वकील फोन करतात, मी आपली – "आराम चाललाय. डॉक्टर म्हणतात, बघू आता काय होतंय ते." एवढंच. खोटं नाही बोलत. पण खरंही नाही.

क्लबाकडे रीतसर सूट मागता येते, आजारपणासाठी. पण सूट दिली की नाव आणि कारण फलकावर लागतं, म्हणजे इतरांनी उगाच तक्रार करू नये. हाही नियम ह्यांचाच!

१२ सप्टेंबर

दोन आणल्या. एक राखाडी, एक खाकी. रात्रीची भांडी तशीच ठेवून ट्रायल.

राखाडी – कापड ताणलं जातं, हलकं, लगेच वाळणारं. अंगावर मात्र असं चिकटतं की मांडीवरची पिशवी डोळ्यांत भरते.

खाकी – सैल आहे, पण एक थेंब सांडला तर चार हातांवरून दिसेल.

"आधीची बरी की ही?" मी विचारलं आणि विचारता विचारता मलाच हसू आलं. दिवसभर हेच तर विचारते, लोकांच्या नाकावर काचा चढवून! हे हसले नाहीत.

१३ सप्टेंबर, शनिवार

सकाळी स्वेटर, अकराला घाम, जेवायला बसलो तर गारांसारखा पाऊस, चारला पुन्हा लख्ख. हे खिडकीत बसून आभाळाकडे असे बघत होते, जसा काही तो कट आहे.

"अशा हवेत सुती कापड गेलं कामातून. भिजलं की काळं पडतं, जड होतं, मांडीला बसतं. पातळ घातलं तर वाऱ्याने उडतं. आणि वारा तर सोळाव्या होलला असतोच."

सोळाव्या होलचा वारा! घरात बसून ह्यांना सोळाव्या होलचा वारा लागतोय.

१४ सप्टेंबर

वकील येऊन गेले. बेल वाजली तशी हे आत पळाले आणि पांघरूण घेऊन पडले. मी त्यांना दारातूनच कटवणार होते, पण ते फळं घेऊन आलेले, कसं कटवणार? दहा मिनिटं सोफ्याच्या कडेवर बसले. पाणी घेतलं, प्यायले नाहीत.

"वहिनी, लेकीला बोलावलंय का?"

"नाही हो, कशाला तिची धावपळ?"

"नाही, तसं नाही... कागदपत्रांचं काही असेल, तर मी आहे. फी-बी काही नाही. आपल्या घरचंच काम."

मला असा राग आला! माणूस आजारी म्हटलं की ह्यांना आपला धंदा सुचतो. "सगळं आहे नीट," म्हटलं तोडून. ते उठले आणि जाताना माझ्याकडे बघून एकदम मान खाली घातली. विचित्रच माणूस.

हे आतून विचारतात, "काय म्हणत होता? खेळतोय का कप?"

१६ सप्टेंबर

आज गच्चीवर परीक्षा. नवीन आणलेली गडद निळी, कमरेला चुण्या असलेली. चुण्यांमुळे मांडीला ऐसपैस जागा राहते – हे माझंच डोकं. जुन्या पद्धतीची दिसते म्हणून दुकानात मागे पडली होती.

एक रिकामी पिशवी घेतली, स्वयंपाकघरातल्या नळाखाली भरली, ह्यांच्या दुसऱ्या मांडीला बांधली. मग कुंड्यांना पाणी घालायची झारी घेऊन मी खुर्चीवर उभी. "हं, आता वाका." वाकले. "बसा." बसले. "मारा." हातात छत्री, तिनेच मारलं. मी वरून पाऊस पाडतेय!

समोरच्या गच्चीवरची बाई कपडे वाळत घालता घालता थांबली. तिने काय समजायचं ते समजलं असेल. मी हात हलवला, तिनेही हलवला.

निकाल – ओली झाली तरी रंग तोच. वाऱ्याने उडत नाही. पण होलमधून बॉल काढायला वाकलं की मागून वर चढते आणि पिशवीचं टोक बाहेर डोकावतं. हिरवा नळ. बरोब्बर चार बोटं दिसतो.

हे तसेच ओले, खुर्चीत बसून राहिले. मी टॉवेल दिला. "नको गं," म्हणाले, "राहू दे आता." मला वाटलं टॉवेल नको. मग कळलं, सगळंच नको म्हणतायत.

१७ सप्टेंबर

भांडण.

दुकानात आज मालक नव्हते, मी एकटी, दिवसभर उभी. पायांचे तुकडे. घरी आले तर ह्यांनी सगळ्या हाफपँटी घडी करून, बिलं वर ठेवून, दाराशी मांडलेल्या. "परत करून टाक."

माझा तोल गेला. म्हटलं, तुम्हाला जायचंच नाहीये! कापड, रंग, खिसा, वारा – सगळी सोंगं आहेत! मी दुकानं पालथी घालतेय, झारीने पाऊस पाडतेय, आणि तुम्हाला फक्त त्या खिडकीत बसायचंय. बसा! पण मग मला मागोमाग हिंडू नका. मी दमलेय. मी फार फार दमलेय. मला ह्या घरात एक तास एकटीला बसायचंय, बाथरूममध्ये नाही, सोफ्यावर!

एवढं बोलले. इतकी वर्षं झाली, एवढं कधी बोलले नव्हते.

हे त्या घड्यांवरची बिलं सारखी करत राहिले. मग म्हणाले, "फुटली तर? हिरवळीवर, त्या तिघांसमोर? मास्तर तापात होता तर आम्ही वर्षभर सोडला नाही त्याला. माझं काय करतील?"

मी शेजारी बसले. माझं रडू थांबल्यावर उठून वरण-भाताऐवजी नुसता भात केला आणि दोघांनी दह्याशी खाल्ला.

१८ सप्टेंबर

बिलं काढून ठेवली आणि निळी तेवढी पर्समध्ये घालून नेली. दुकानाच्या मागच्या जिन्याखाली अल्टरेशनवाली बसते. फार बोलते, पण हात चांगला आहे.

"डाव्या पायाला आतून एक खिसा लावायचाय. लांबट. तळाशी बंद. आणि डावी मांडी थोडी सैल."

"साहेबांची एक मांडी जाड आहे का?"

"हो."

"माझ्या दिरांची पण होती," म्हणाली आणि दिरांचं सगळं सांगितलं. मी हूं हूं करत स्टुलावर डुलक्या घेतल्या. किती बरं वाटलं!

२० सप्टेंबर, शनिवार

आतल्या खिशाची निळी आली. ह्यांनी घातली, वाकले, बसले, जिना चढले-उतरले. पिशवी जागची हलत नाही. हिरवा नळ दिसत नाही. दोन्ही पाय सारखे दिसतात, म्हणजे जवळजवळ.

मग उगाच कपाळाला आठ्या. "खिसा आहे ना पण हा?"

"आतून आहे."

"हं. आतून." मनातल्या मनात सगळे नियम चाळले असावेत. "आतल्याबद्दल काही म्हटलेलं नाही."

मी चार बोटं टेकवून बघितली, गुडघ्यापासून वर. माझी तिसऱ्यात संपतात, बोटं सुजलेली. चालेल म्हणाले. चालेल! हा शब्द ऐकायला कान आसुसले होते.

२१ सप्टेंबर

बँकवाल्या वहिनींचा फोन. हे कपाला येणार म्हणून सांगितलं. मग एकदम म्हणाल्या, "येऊ दे हो, येऊ दे. मनात काही राहायला नको." आणि आवाज फुटला. सर्दी झालीय म्हणाल्या.

२४ सप्टेंबर

हवेचा अंदाज – शनिवारी ऊन, वारा, मधूनच सरी. थोडक्यात, सगळं. हे दिवसातून तीनदा बघतात, जसं काही ते आपल्यासाठी बदलतील.

मोजे इस्त्री केले! मोज्यांना इस्त्री करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

२६ सप्टेंबर

काही लिहायचं नाही. पट्ट्या नवीन लावल्या. पिशवी नवीन लावली. ह्यांना झोप नाही, म्हणून मलाही नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

सकाळी क्लबाच्या फाटकाशी सोडलं. आत येऊ दिलं नाही. "बायको सोडायला आली तर संशय येईल." फाटकापासून झाडापर्यंत पाठमोरे चालताना मी बघितले. निळी शोभत होती. डावीकडे किंचित फुगीर, पण ते माझ्याच डोळ्यांना.

घरी येऊन सोफ्यावर आडवी झाले. घर रिकामं. किती महिने ह्याची वाट बघत होते! झोप आली का? छे. पाऊस आला की उठून खिडकीत, ऊन पडलं की खिडकीत. ह्यांच्याच खुर्चीत बसून ह्यांच्यासारखी आभाळाकडे बघत बसले. फोन हातात. फुटली असेल. घसरली असेल. आता कुणाचा तरी फोन येईल. नाही आला.

चारनंतर वकिलांची गाडी खाली थांबली. हे वर आले. हातात कप! कोरडे! मी दारातच ओरडले. ह्यांनी कप चपलांच्या कपाटावर ठेवला, बुटांची नाडी सोडली आणि तसेच खाली बसून राहिले.

"टिकली का?" मी विचारलं.

"टिकली. मस्त टिकली. दोनदा भिजलो, कुणाला काही कळलं नाही."

"मग?"

बूट काढले, मोज्यांची घडी घातली. मग म्हणाले, "बँकवाला दिला म्हणाला."

मला गोल्फातलं फारसं कळत नाही, पण हे ह्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलंय. बॉल होलच्या अगदी तोंडाशी असला की समोरचा म्हणतो, "दिला" – म्हणजे मारायची गरज नाही, गेला असं धरतो, उचल. बँकवाले कधी कुणाला देत नाहीत. वीतभर अंतर असलं तरी म्हणतात, मारून दाखव. त्यावरून दोनदा अबोला झालाय.

"आज सहा पावलांवरून म्हणाला, दिला. सहा पावलं, अगं! मला वाटलं थट्टा करतोय. बघतो तर डोळ्यांत पाणी. मग वकील – दिला. मास्तर – दिला, दिला. मी बॉल झाडीत घातला, मास्तरने पायाने बाहेर ढकलला आणि म्हणतो, इथेच होता. मी पिशवी रिकामी करायला झाडामागे गेलो, परत आलो तर तिघं ओळीत उभे. टोप्या काढून!"

मला आधी हसू आलं. टोप्या काढून! मग ह्यांचा चेहरा बघितला.

"तू काय सांगितलं होतंस त्यांना?"

"तुम्ही सांगितलंत तेच. काहीच नाही."

आणि बोलता बोलताच माझं मलाच ऐकू आलं. बघू आता काय होतंय ते. लेकीला बोलावलंय का. कागदपत्रं. मनात काही राहायला नको. त्या बाईला सर्दी नव्हती झाली! मी ती सगळी वाक्यं दणादण समोर ठेवली. हे ऐकत राहिले.

"त्यांना वाटतंय मी चाललो," म्हणाले.

मग उठून कपाकडे गेले, उचलला, आत डोकावून बघितलं, परत ठेवला. "आयुष्यात पहिल्यांदा जिंकलो," म्हणाले, "आणि एकही फटका माझा नाही."

२८ सप्टेंबर

मी वहिनींना फोन करते म्हटलं. एका वाक्यात सांगून टाकते, साधी गाठ होती, नळी आहे, सुटेल. ह्यांनी फोन हातातून काढून घेतला. रागाने नाही. "मी बघतो."

काय बघणार? दिवसभर खिडकीतही बसले नाहीत. कप जेवणाच्या टेबलावर आहे. त्याला हात लावायची चोरी, त्यामुळे आम्ही ताटं बाजूला सरकवून जेवतोय.

मला माझी लाज वाटते. लपवायचं म्हणजे काहीच नाही सांगायचं, एवढं सोपं वाटलं होतं. तिघं माणसं किती दिवस मनातल्या मनात रडत होती, आणि मी इकडे चुण्या मोजत होते.

३० सप्टेंबर

दुकानात एक आजोबा आले. काच बदलली, अक्षरं दिसली, तर म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर आधी आलो असतो." कुणी काय सांगायचं होतं त्यांना, काय माहीत. मी नुसती मान हलवली.

घरी आले तर हे खिडकीत नव्हते! धावत आत गेले. केस कापायला गेले होते. कोपऱ्यावर, आपले आपण. मी कापलेल्या केसांवरून न्हावी फार हसला म्हणे.

३ ऑक्टोबर

उद्या जाणार म्हणतात. आतल्या खिशाची धुऊन इस्त्री करून ठेवली होती, तर ती कपाटात परत टाकली आणि जुनी काढली, आखूड, रंग उडालेली, खालून दोरे निघालेली. ह्या हाफपँटीत पिशवी अर्धी बाहेर येते. मी म्हटलं, अहो! हे म्हणाले, "अगं, चार बोटं आहे बरोबर."

काय चाललंय ह्यांच्या मनात, देव जाणे. विचारायची ताकद नाही माझ्यात.

४ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी वहिनींचा फोन. हसतायत की रडतायत, कळेना. पहिल्या होलला सगळ्यांसमोर ह्यांनी कप खाली ठेवला, पाय त्याच्यावर ठेवला आणि हाफपँट वर केली. "हे एवढंच आहे. मरत नाहीये. आणि हा कप ज्याचा असेल त्याने घ्यावा." बँकवाले मटकन गवतावर बसले म्हणे. मग उठून ह्यांना इतक्या शिव्या घातल्या की शेजारच्या होलवरचे लोक बघायला आले.

त्यानंतर एक वीतही कुणी दिली नाही.

आत्ता जिन्यातूनच आवाज आला, "हरलो गं! सडकून हरलो!" मी झोपलेय असं वाटून हे दाराशी हळू झाले. मी जागी होते. आता झोपते.